बोटभर रिकामं

महिन्यात तिसऱ्यांदा आमची तीनचाकी ढकलत आली तेव्हा मी हातातला पाना बाकावर टाकला आणि म्हटलं, "झालं. आता एक तर मी हिला भंगारात घालते, नाही तर ही मला घालेल."

कुणी हसलं नाही. शेजारचा टायरवाला मागून ढकलत होता, अण्णा हँडल धरून वर बसले होते आणि आई बाजूनं चालत होती, पर्स छातीशी धरून. हॉस्पिटलात चार तास सुया टोचून पडलेली बाई कोपऱ्यापासून पायी आली होती. मागच्या चाकांना जळका वास येत होता. हा वास एकदा नाकात बसला की जेवतानाही जात नाही.

"ब्रेक धरतोय," अण्णा म्हणाले.

"ते दिसतंय मला."

"मग बघ की."

बघतेच आहे. महिनाभर मी दुसरं करतेय काय?

अण्णा म्हणजे माझे वडील, आणि उस्तादही तेच. गॅरेज त्यांचं, वरच्या दोन खोल्यांतलं घर त्यांचं, आणि माझ्या हातात जे काही कसब आहे तेही त्यांचंच. मी दहा वर्षांची असताना त्यांनी मला नट सोडवायला बसवलं. एकदा धरलेलं मी सोडत नाही म्हणून माझं नाव 'पक्कड' पडलं, ते आजतागायत. आता माझी पंचेचाळिशी उलटली, गुडघे वाजतात, पाठीला पट्टा आहे, तरी गिऱ्हाइकं आत डोकावून विचारतात, मिस्त्री आहेत का? मी म्हणते, आहेत, बोला. मग ती माझ्या खांद्यावरून आणखी आत बघतात.

दीड वर्षापूर्वी अण्णा जिन्यावरून पडले. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, उजव्या पायाची शीर दुखावली. हळूहळू येईल ताकद, असं सांगितलं होतं, आणि काठी टेकत का होईना ते चालायला लागले. पण मोटरसायकलवर बसून पाय टेकणं, तोल सावरणं, ते संपलं. आणि आईला तर आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं होतं. तिला बंद गाडी लागते. खिडक्या उघड्या ठेवा, लिंबू हुंगवा, दुसऱ्या वळणाला तिला पिशवी लागते म्हणजे लागतेच. एकदा ओकून ओकून इतकी गळाली की अर्ध्यातच यंत्र बंद करून तिला घरी पाठवलं. मोकळ्या हवेत मात्र तिला काही होत नाही.

म्हणून मी अण्णांची जुनी मोटरसायकल मागून कापली, आडवा ॲक्सल घातला, दोन चाकं लावली, वर पाठीला टेकू असलेली रुंद सीट आणि कमरेला पट्टा. मीच चालवणार होते. पण अण्णांनी चावी उचलली आणि म्हणाले, "गॅरेज तू घेतलंस, ठीक आहे. हिला मी नेणार." त्यावर कोण काय बोलणार? त्या घटकेपासून ते तेवढ्यासाठी उठायचे, दाढी करायचे, बूट घालायचे. बाकीचे दिवस खिडकीशी.

मोटरसायकलचं ब्रेकचं पॅडल बारीक होतं. माझा बूट त्याच्यावर बसत नाही, अशी अण्णांची कुरकुर. दुसऱ्या शहरात ऑफिसात काम करणाऱ्या दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, हे कळलं आणि त्यानं कुठून तरी मागवून नवं पॅडल पाठवलं. तळहाताएवढं रुंद, चकचकीत, वर रबराचे दाणे. आमच्या जुनाट गाडीवर ते नव्या जावयासारखं दिसायचं, सगळ्यांनी जपायचं आणि त्यानं कामाला हात लावायचा नाही. साहजिकच ब्रेक धरायला लागल्यावर पहिला आळ त्याच्यावर आला.

"अरे, तुझं पॅडल डोक्याला ताप झालंय," मी दादाला फोनवर म्हटलं.

"हजारो लोक वापरतात ते. तू बसवताना काही तरी केलं असशील."

"हो ना. मला कुठे काय येतंय."

"तसं नाही म्हणालो मी."

तसंच म्हणाला होता. पण भांडायलाही अंगात जोर लागतो, मी फोन ठेवला.

तर दुखणं असं. गाडी जाताना नीट जायची. येताना अर्ध्या वाटेवर मागची दोन्ही चाकं जड व्हायला लागायची, मग आणखी जड, आणि शेवटी ब्रेक आपोआप घट्ट धरून बसायचा. पाय काढला तरी सुटायचा नाही. पाऊण तास उभी केली की थंड व्हायची आणि गॅरेजात जॅकवर चढवेपर्यंत चाकं अशी गुळगुळीत फिरायची, की खोटं बोलणारी मीच वाटावी. पहिल्या वेळी मी पॅड बदलले, पिना घासून ग्रीस लावलं. दुसऱ्या वेळी तेल काढून नवं भरलं, मास्टर सिलिंडरची रबरं बदलली, होजपाइप आतून फुगला असेल म्हणून तेही नवे घातले. बेअरिंगं तपासली. चार-पाच किलोमीटर स्वतः चालवून बघितली, चाकाला हात लावला, थंडगार. टायरवाला म्हणाला, "या गाडीला तू आवडत नाहीस. अण्णांनाच धरते." मी त्याला त्याच्या दुकानात हाकललं.

पण या तिसऱ्या वेळी तो ढकलून झाल्यावर लगेच गेला नाही. घाम पुसत हळू आवाजात म्हणाला, "आधी मोठ्या चौकाच्या मधोमध अडकले होते. मागून ट्रक होता. थांबला तो, पण हातभर अंतरावर." एवढं बोलून तो गेला.

आईनं मला यातलं काही सांगितलं नव्हतं. अण्णांनी तर नाहीच.

अण्णा आईच्या मागून जिन्याचा कठडा धरून चढत होते. त्यांच्या पाठीकडे बघत मी ठरवलं, की या वेळी दोष सापडला नाही तर चावी काढून घ्यायची. बाप रुसला तर रुसला. आई त्या सीटवर बसते.

मग मी गाडीपुढे बुटक्या स्टुलावर बसले. काम सुरू करायचं होतं, पण अंगातला जीव गेल्यासारखा झाला होता. सगळं तर बदलून झालं होतं. आता काय उघडायचं? मी नुसतीच बसले आणि नुसतंच एक बोट त्या पॅडलवर ठेवून दाबलं, जसं कुणी विचार करताना टेबलावर वाजवतं तसं.

पॅडल हललं नाही. बोटाखाली लगेच ब्रेक लागला.

मी पुन्हा दाबलं. तेच. मग मी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

आमच्या गॅरेजात एक शब्द आहे, 'रिकामं'. बाकीचे लोक त्याला प्ले म्हणतात. पॅडल दाबलं की आधी ते बोटभर नुसतंच गेलं पाहिजे, काहीही न करता, आणि मगच ब्रेक लागला पाहिजे. ते बोटभर रिकामं नसेल तर आतला पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल परतायचं बारीकसं भोक झाकलेलं राहतं, तेल तापतं, फुगतं, आणि मग पाय काढून काय उपयोग, ब्रेक स्वतःच दाबलेला राहतो. "रिकामं ठेवलंस का गं?" हे मी लहानपणी दिवसातून दहा वेळा ऐकलं. अण्णा पट्टी वापरायचे नाहीत, स्वतःचं बोट घालून बघायचे, आणि नसेल तर पहिल्यापासून करायला लावायचे. नवशिक्यानंही आधी हेच बघायचं असतं. मी सोडून.

का नाही बघितलं? कारण तिथे दोष असूच शकत नव्हता. ते अण्णांनी लावलेलं होतं. पॅडलमागे एक रॉड आहे, त्याला आटे आहेत. रॉड एक आटा लांब केला की ब्रेक तेवढा लवकर लागतो. नवं पॅडल बसवलं तेव्हा मी रिकामं बरोबर ठेवलं होतं. मग आठवडाभरानं अण्णा गाडीवर बसून म्हणाले, "जरा उशिरा लागतोय. एक आटा वर घे." मी घेतला. पुढच्या आठवड्यात पुन्हा एक. मग आणखी एक. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा मी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या इंजिनात कोपरापर्यंत होते. वैतागून आले, फिरवला, चेकनट घट्ट केला, गेले. अण्णा सांगतात म्हटल्यावर मोजायचं काय? ज्यांच्याकडून मोजायला शिकले त्यांना कसली पट्टी लावणार?

चार आटे. मी चारही परत फिरवले, रॉड आखूड केला, बोट घातलं. बोटभर रिकामं. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि जीवही भांड्यात पडला. सापडलं होतं. चूक माझी होती, गाडीची नव्हती, पॅडलची नव्हती, अण्णांचीही नव्हती. चावी काढून घ्यायची गरज नव्हती.

सकाळी अण्णांना खाली बोलावलं आणि गाडी पुढे केली. ते गल्लीतून एक फेरी मारून आले, कपाळाला आठ्या.

"पॅडल मेलंय."

"मेलं नाही अण्णा, रिकामं ठेवलंय. बोटभर."

"मला असं नको. वर घे."

"वर घेतल्यामुळेच धरत होता ब्रेक. चार आटे वर होता, रॉड पिस्टनला टेकलेला."

"एकच घे मग."

"एकही नाही."

"गॅरेज कुणाचं आहे?" ते म्हणाले.

"तुमचं. आणि नियमही तुमचाच. लहानपणी मी रिकामं ठेवायला विसरले तर पहिल्यापासून उघडायला लावायचात मला. आता काय झालं? आटे कुणाचे ढिले झालेत, रॉडचे की आपले?"

हे शेवटचं बोलायला नको होतं. पण गेला महिना असा गेला होता की तोंडाला झाकण राहिलं नव्हतं. एरवी अण्णांनी मला तिथेच झाडली असती. आज ते पॅडलकडे बघत म्हणाले, "असू दे. उद्या हिला न्यायचंय. होईल सवय."

त्यांचा तो पडलेला आवाज मला आवडला नाही.

"एक मोठी फेरी मारू या," मी म्हटलं. "तुम्ही पुढे व्हा, मी स्कूटरवर मागून येते. धरला तर तिथेच बघू."

इतक्या दिवसांत मी त्यांच्या मागून कधी गेले नव्हते. गाडी माझ्यापुढे यायची ती बंद पडून. मी जॅक लावलेली गाडी बघितली होती, चालणारी नाही.

नाक्यावर त्यांनी ब्रेक लावला, मागचा लाल दिवा लागला. नाका सुटला, ते निघाले. दिवा तसाच. सरळ रस्ता, पुढे कुणी नाही, गाडी वेगात, आणि दिवा लागलेलाच. आधी मला वाटलं स्विच अडकला. मग मी स्कूटर थोडी बाजूला घेतली आणि त्यांचा पाय दिसला. उजवा बूट त्या रुंद पॅडलवर आरामात पसरलेला होता.

हे मला पटेचना. ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्यांचा अण्णांना जन्मभर तिटकारा. शिकत होते तेव्हा माझा पाय असा विसावला की ते पान्याच्या दांड्यानं घोट्यावर टक् करून मारायचे. आणि आता स्वतः?

मी हॉर्न वाजवत पुढे गेले, त्यांना कडेला घेतलं.

"अण्णा, पाय ब्रेकवर ठेवून चालवताय तुम्ही."

"कोण म्हणतं? नाही ठेवलेला."

असं म्हणून त्यांनी खाली वाकून बघितलं.

स्वतःचा पाय कुठे आहे हे बघायला माणसाला वाकावं लागत नाही. अण्णांना लागलं. पाय त्यांना पॅडलवर दिसला. त्यांनी गुडघ्याखाली हात घातला, एखादी पिशवी उचलावी तसा तो पाय उचलला आणि फूटरेस्टवर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

"चला घरी," मी म्हटलं. गाडी मी चालवली, ते मागच्या सीटवर बसले. स्कूटर तिथेच राहिली, नंतर टायरवाल्यानं आणली.

त्यांना गॅरेजात सोडून मी वर गेले. आई पलंगावर बसून धुतलेले कपडे घडी करत होती.

"अण्णांच्या पायाला कळत नाही," मी म्हटलं. "तुला ठाऊक होतं?"

तिच्या हातातला टॉवेल अर्धाच घडी झाला होता. तिनं तो पूर्ण केला, कडा जुळवून.

"घोट्याच्या खाली नाही कळत," ती म्हणाली. "वर कळतं थोडं."

"आणि तू त्यांच्यामागे बसून जातेस."

"मी असते ना मागे. मला दिसतं. पाय तिथेच राहिला की मी खांद्यावर टिचकी मारते. एक टिचकी म्हणजे पाय उचला. ते उचलतात. जमलंय आमचं." मग ती थांबली. "जाताना जमतं. येताना मला डुलकी लागते गं. ते यंत्र सगळं शोषून घेतं माणसाला. मी जीभ चावते, चिमटे काढते, तरी डोळा लागतोच मेला. तिन्ही वेळा माझाच डोळा लागला."

तिनं बाही थोडी वर केली. सुयांच्या जागा मला पाठ होत्या. पण मनगटाजवळ बारीक काळेनिळे डाग होते, रांगेनं, ते सुयांचे नव्हते. मी ते रोज बघत होते आणि सुयांचेच समजत होते.

मला आधी राग आला आणि मग रडू. दोन्ही एकदमच म्हणा. "मला सांगायला काय झालं होतं, आई? ट्रक हातभर अंतरावर होता."

"सांगितलं असतं तर चावी काढून घेतली असतीस."

"काढलीच असती."

"बघ. त्यांना दुसरं काय राहिलंय गं? आणि मला कुणाच्या मागे बसायचंय आता? पन्नास वर्षं त्यांच्याच मागे बसलेय मी."

मी खाली आले. अण्णा माझ्या बुटक्या स्टुलावर बसले होते. उजवा बूट-मोजा काढून पाय मांडीवर घेतला होता आणि दहा नंबरच्या पान्यानं बोटांवर एकेक करून टोचत होते. मला बघून थांबले नाहीत.

"सगळं ठाऊक होतं ना तुम्हाला?" मी विचारलं. "रिकामं काढलं की काय होतं ते?"

"मला नसणार?"

"मग एकेक आटा वर का घ्यायला लावलात?"

"पाय लागला की गाडी नाक खाली घालते. तेव्हा मला कळतं, लागला. रिकामं असलं की काही कळत नाही. दाबतोय की नाही, किती दाबतोय. घाबरतो मी." अण्णांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पाना त्यांनी बाकावर ठेवला. "पहिला आटा सांगितला तेव्हा वाटलं, तू म्हणशील, अण्णा, रिकामं जातंय. दुसऱ्या वेळी वाटलं, आता नक्की बोट घालून बघशील. तिसऱ्या वेळी मी वाटच बघत होतो. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं मी. आपणहून तोंड उघडत नव्हतं."

"तुम्ही सांगितल्यावर मी कशी मोजणार?"

"तेवढं शिकवायचं राहिलं," ते म्हणाले. "माझंही मोजायचं असतं."

त्यांनी खिशातून चावी काढली आणि माझ्यापुढे धरली. मी चावी घेतली, कारण घ्यायलाच हवी होती. मग आम्ही दोघंही त्या पॅडलकडे बघत बसलो. दादाचं चकचकीत पॅडल, बिचारं, त्याचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी आईला मी नेलं. अण्णा खिडकीत होते. दाढी केली नव्हती. जाताना दर दोन-चार मिनिटांनी माझ्या खांद्यावर टिचकी बसायची.

"आई, माझा पाय ठीक आहे."

"हो गं बाई. सवयीनं."

पुढच्या नाक्यावर पुन्हा टिचकी. येताना मी आरशात बघितलं. डोळे तांबारले होते, मान डुगडुगत होती, पण ती झोपली नाही. मनगटाला चिमटा काढून बसली होती. मी चालवत असतानाही.

गाडी लावली आणि मी सरळ अण्णांपुढे जाऊन उभी राहिले.

"हात पुढे करा. डोळे मिटा."

"काय चाललंय तुझं, पक्कड?"

"मिटा म्हणते ना."

मी त्यांच्या बोटांत एक वायसर दिला. "आठचा," ते म्हणाले. दुसरा दिला. "दहाचा. एका बाजूनं घासलाय." तिसरा दिला तेव्हा ते वैतागले, "हा वायसर नाही, ही सर्क्लिप आहे, एका बाजूला उघडी कडी. बापाची परीक्षा घेतेस?"

"घेतेय. खाली चला, काम आहे."

तीन दिवस आम्ही ते काम केलं. मधल्या एका फेरीला, पॅडल सोडवायच्या आधी, आईला मीच नेलं, टिचक्या खात. उजव्या मुठीत पुढच्या चाकाचा ब्रेक होताच. तो काढून मोठा सिलिंडर बसवला आणि तिन्ही चाकांचे पाइप त्या एकाच लिव्हरवर आणले. उभी गाडी धरून ठेवायला बाजूला वेगळा दांडा. डाव्या पायाला सगळं कळत होतं, म्हणून गियर होता तिथेच राहिला. पाइप मी वाकवले, तेल अण्णांनी भरलं, हवा दोघांनी मिळून काढली. पॅडल मी मुळापासून सोडवलं. आता तो पाय नुसता बसून येईल, करायचं काही नाही. दादाचा फोन आला, पॅडल कसं चाललंय म्हणून. मी म्हटलं, "छान. भिंतीवर शोभतंय."

शेवटी लिव्हरचं रिकामं लावायची वेळ आली. अण्णांनी लावलं, दोन बोटांनी दाबून, डोळे मिटून. मग बाजूला झाले आणि म्हणाले, "मोज."

मी मोजलं. पाव आटा जास्त होता. मी तो फिरवला, आणि त्यांनी चेकनट घट्ट केला.

आईच्या सीटवर वाळूची पोती बांधून अण्णांनी मैदानात वीस वेळा जोरात ब्रेक लावला. मी वीसही वेळा मागून बघितलं. मग आणखी दहा वेळा लावायला सांगितलं. नंतरच चावी परत दिली.

त्यांनी आईला नेलं त्या दिवशी मी गॅरेज बंद ठेवलं आणि स्कूटरवर मागून गेले. जाताना आई ताठ बसली होती, हात त्यांच्या खांद्यावर, नजर त्यांच्या पायावर. चार तासांनी हॉस्पिटलवाल्यांनी तिला चाकांच्या खुर्चीतून बाहेर आणलं तेव्हा ती नेहमीसारखीच पिळून काढल्यागत दिसत होती. मी तिला सीटवर चढवलं, कमरेचा पट्टा लावला, ओढून बघितला.

तिनं माझी बाही धरली.

"आता मी झोपले तर चालेल ना गं?"

अण्णांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाले, "झोप तू."

मी त्यांच्या मागून निघाले. नाक्यावर लाल दिवा लागला, नाका सुटल्यावर विझला. मोठ्या चौकात लागला, विझला. मी स्कूटरवर रडत होते, बाजूचा रिक्षावाला बघत होता, बघू दे. पुलाच्या पलीकडे आईची मान अण्णांच्या पाठीवर टेकली. थोड्या वेळानं तिचा हात त्यांच्या खांद्यावरून घसरला आणि मांडीत पडला, आणि घरापर्यंत तिथेच राहिला.